पंधराशे रुपयांनी जिवंत

जुनी गाडी पाण्यात गेली की त्याचं दुःख दोन-चार दिवसांत ओसरतं, खरा ताप त्यानंतर सुरू होतो. कारण इन्शुरन्सवाल्यांसमोर तुम्हाला एकाच दमात दोन गोष्टी सिद्ध करायच्या असतात. एक म्हणजे गाडी पार कामातून गेली, आता तिच्यात काही राम उरला नाही. आणि दुसरी म्हणजे त्या रात्री दोन वाजेपर्यंत तिच्याइतकी ठणठणीत गाडी अख्ख्या एमएच ३१ मध्ये नव्हती. आता तेरा वर्षं ज्या गाडीला घरात सगळ्यांनी 'डबा' म्हटलं, तिच्याबद्दल असं एकदम छातीठोकपणे बोलायचं म्हणजे जीभ जरा अडखळतेच.

तर नागपुरातली ती रात्र म्हणजे २३ सप्टेंबर २०२३ ची. आदल्या दिवशी आमच्याकडे महालक्ष्म्यांचं जेवण, पुरणपोळ्या पोटात, घर गाढ झोपलेलं आणि दोननंतर जो पाऊस धरला तो काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर गेला, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला आणि नाग नदी, जिला आम्ही एरवी प्रेमाने नाला म्हणतो, ती आपण नदी आहोत हे दाखवायला अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी करत पार सीताबर्डीपर्यंत फिरून आली. (ओव्हरफ्लोजवळचा विवेकानंदांचा पुतळा पाण्याच्या वाटेत आहे की नाही हा वाद पुढे हायकोर्टात गेला, तो वेगळा विषय, त्यावर बोलायला लागलो तर गाडी राहील बाजूला.) आम्ही पहिल्या मजल्यावर म्हणून वाचलो. सकाळी बाल्कनीतून पाहिलं तर आमच्या २०१० च्या वॅगन-आरचं छप्पर आणि अर्ध्या काचा तेवढ्या पाण्याच्या वर.

पाणी उतरल्यावर खालचे काका पहिले धावत आले, "अबे एक सेल्फ मारून पाह्य ना, होऊन जाईन चालू." मी किल्ली खिशात घातली आणि हात खिशातच ठेवला. पाण्यातून निघालेल्या गाडीला सेल्फ मारायचा नसतो, इंजिनात पाणी असलं की ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग कंपनी म्हणते पुराने झालेलं नुकसान आमचं, सेल्फ मारून झालेलं तुमचं. काकांनी स्वतःच्या गाडीला मात्र सेल्फ मारला. आतून जो आवाज आला तो ऐकून काकू पण बाहेर आल्या. अर्थात त्यांची पॉलिसी नुसती थर्ड पार्टी होती, म्हणजे त्यांच्या गाडीने दुसऱ्याचं काही केलं असतं तर कंपनी आली असती, नदीने त्यांच्या गाडीचं केलं त्यात कंपनीला काही घेणं नाही, त्यामुळे सेल्फ मारला काय नि नाही मारला काय.

माझी पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे माझ्या स्वतःच्या गाडीचं नुकसानही त्यात. आणि इथे मी स्वतःची पाठ थोडी थोपटून घेतो. रिन्यूअलच्या वेळी एजंट म्हणत होता, सर जुनी गाडी आहे, आयडीव्ही साठ-सत्तरवर आणतो, प्रीमियम कमी होऊन जाईल. आयडीव्ही म्हणजे गाडी गेली तर कंपनी जास्तीत जास्त किती देईल तो आकडा. नव्या गाडीला तो किमतीवरून आणि वयावरून ठरतो, सहा महिन्यांच्या आत पाच टक्के घट, मग वाढत वाढत चार ते पाच वर्षांच्या गाडीला पन्नास टक्के. पाच वर्षांच्या पुढे तक्ता संपतो, तिथे कंपनी आणि गिऱ्हाईक दोघांनी मिळून आकडा ठरवायचा. मी एक लाख चाळीस हजारावर अडून बसलो होतो. बायको तेव्हा म्हणाली होती, "अहो, त्या भंगाराचे कोण देते एक लाख चाळीस?" तिचा प्रश्न किती बरोबर होता हे पुढे कंपनीने जवळजवळ त्याच शब्दांत सांगितलं.

टो करून गाडी वर्कशॉपला गेली. तिथे आधीच एवढ्या गाड्या की पाय ठेवायला जागा नाही, सगळ्यांची दारं उघडी, सगळीकडे तोच कुबट वास. आमच्या गाडीच्या स्पीडोमीटरच्या काचेच्या आत पाणी होतं आणि गाडी हलवली की ते ताशी चाळीसवरून साठवर जायचं. डिकीत महालक्ष्म्यांसाठी आणलेल्या केळीच्या पानांचा उरलेला गठ्ठा होता, तो फुगून स्टेपनीला चिकटलेला. सीटवर नुसतं बोट दाबलं तर तपकिरी पाणी वर यायचं.

मग नुकसान मोजायला सर्व्हेयर आले. माणूस शांत, पाठीला बॅग, पायात गमबूट, सकाळपासून किती पुरात बुडालेल्या गाड्या पाहिल्या असतील देव जाणे. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलीने घासून त्याचा ठसा घेतला, फोटो काढले आणि मान वर न करता विचारलं, "गाडी स्टार्ट केली होती का?" नाही म्हटलं. थोडं इकडचं तिकडचं बोलून परत, "म्हणजे साधारण किती वेळा ट्राय केलं?" मी म्हटलं, "एकदाही नाही." जाताना गेटपाशी, "घरात दुसरं कोणी चालवतं का? त्यांनी केली असेल?" बायको शेजारीच होती, म्हणाली, "ही गाडी कोरडी असतानासुद्धा माझ्याने चालू व्हायची नाही." पुढच्या क्षणी तिच्या लक्षात आलं की आपल्याला गाडीची तारीफ करायची होती, म्हणून घाईघाईने म्हणाली, "म्हणजे गाडी चांगली होती, मलाच जमायचं नाही."

वर्कशॉपचं एस्टिमेट निघालं एक लाख अडुसष्ट हजार. आता नियम असा, की गाडी बाहेर काढायचा आणि दुरुस्त करायचा मिळून खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला तर टोटल लॉस, कंपनी आयडीव्ही देऊन मोकळी. त्याच्या खाली राहिला तर दुरुस्ती, आणि दुरुस्ती म्हणजे पार्टवर डेप्रिसिएशन, जुनेपणाची कपात. रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरीला पन्नास टक्के, आणि गाडी दहा वर्षांच्या वरची असेल तर लोखंडालाही पन्नास टक्के. फक्त काचेला शून्य, आणि आमच्या गाडीची एकही काच फुटली नव्हती. म्हणजे दुरुस्तीत गेलो असतो तर पार्टचे निम्मे पैसे माझे, वर सर्व्हेयरने जे कापलं ते अख्खं माझं.

एक लाख चाळीसचे ७५ टक्के म्हणजे एक लाख पाच हजार. सर्व्हेयरने असेस केलेला खर्च आला एक लाख तीन हजार पाचशे. पंधराशे रुपयांनी गाडी जिवंत.

हे कसं केलं ते पाहण्यासारखं होतं. अख्खं वायरिंग, जे वर्कशॉपने बदला म्हटलं होतं, त्याच्यासमोर लिहिलं 'क्लीन अँड ड्राय'. ईसीएम, म्हणजे गाडीचा मेंदू, तो रात्रभर नाग नदीत होता, त्याच्यासमोर 'सर्व्हिस'. सीटसमोर 'शाम्पू'. मी वर्कशॉपच्या पोराला ते दाखवलं तर तो कागद हातात घेऊन बराच वेळ वाचत राहिला आणि म्हणाला, "भाऊ, कोणता शाम्पू तेवढं लिहून नाही दिलं यायनं."

मग मी पॉलिसी काढली. पॉलिसी ही वाचायची असते हे मला माहीत होतं पण वाचणारा मी घराण्यातला पहिलाच. त्यात गाडी 'बाहेर काढायचा' खर्च पण धरायचा लिहिलेलं. मग टोइंगचं बिल आहे ना आपल्याकडे, बावीसशेचं! एक लाख तीन हजार पाचशे अधिक बावीसशे, झाले एक लाख पाच हजार सातशे. गाडी मेली! मी आनंदाने सर्व्हेयरला फोन केला. ते म्हणाले, "सर, टोइंगला पॉलिसीत लिमिट पंधराशे आहे." मी बेरीज केली. परत केली. बरोब्बर एक लाख पाच हजार. "मग झालं ना पंचाहत्तर टक्के?" तर म्हणाले, "सर, पंचाहत्तरच्या वर जायला पाहिजे, पंचाहत्तर नाही."

म्हणजे एक रुपया. सासरे घरी आले होते, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खिशातून रुपयाचं नाणं काढून माझ्या हातावर ठेवलं, "जावईबापू, हा घ्या, देऊन टाका त्याले."

शेवटी काम केलं एका पत्राने. वर्कशॉपच्या मॅनेजरला म्हटलं, तुम्ही वायरिंग वाळवून आणि ईसीएम पुसून गाडी द्या, फक्त लेटरहेडवर लिहून द्या की ती चालेल. तो म्हणाला, मी कशाला लिहून देऊ. मग म्हटलं, बरं, मग हे लिहून द्या की तुम्ही लिहून देत नाही. ते त्याने लगेच दिलं, सही-शिक्क्यासकट, की पाण्यात बुडालेल्या इलेक्ट्रॉनिक पार्टची दुरुस्ती करून वॉरंटी देता येत नाही. ते पत्र मेलला जोडलं, सर्व्हे रिपोर्टची कॉपी मागितली (ती मागायचा आपल्याला हक्क आहे, मागितल्याशिवाय सहसा कोणी देत नाही) आणि थोड्याच दिवसांत ईसीएमसमोरचं 'सर्व्हिस' जाऊन 'रिप्लेस' आलं. गाडी अधिकृतपणे वारली. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "चला, सुटली बिचारी," आणि देवापुढे साखर ठेवली.

पण पैसे? कंपनीच्या क्लेम डिपार्टमेंटमधून गोड आवाजाचा फोन आला, सर तुमच्या मॉडेलची आजची मार्केट व्हॅल्यू नव्वदच्या आसपास आहे, आम्ही पंच्याण्णव करून देतो, फुल अँड फायनल, कन्सेंट लेटर पाठवलंय, सही करून पाठवा, आठवड्यात पैसे. मुलीकडच्यांचा मान राखून दोन साड्या जास्त दिल्या असं सांगावं त्या सुरात ते वरचे पाच हजार सांगितले त्यांनी. मी म्हटलं, "मॅडम, प्रीमियम कोणत्या आकड्यावर घेतला तुम्ही?" म्हणे ते वेगळं असतं सर.

वेगळं नसतं. पॉलिसीतच छापलेलं आहे, की टोटल लॉसच्या क्लेमसाठी आयडीव्ही हीच पॉलिसीच्या पूर्ण मुदतीत मार्केट व्हॅल्यू धरायची, त्यातून आणखी घट कापायची नाही. म्हणजे सौदा प्रीमियम घेतला त्या दिवशीच झाला, आता पूर आल्यावर बाजारभाव विचारायला जायचं नाही. हे वाक्य मी मेलमध्ये जसंच्या तसं टाकलं, पान नंबरसकट, आणि खाली साध्या भाषेत लिहिलं की कन्सेंटवर सही करणार नाही, ही तुमच्या तक्रार विभागाला तक्रार समजा, विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवरही टाकतो आहे, आणि महिनाभरात उत्तर नाही आलं तर विमा लोकपालाकडे जाईन. लोकपालाकडे फी नाही, वकील नाही, साधा अर्ज. आपलं नागपूर पुण्याच्या ऑफिसखाली येतं. रागाने एक शब्दही लिहिला नाही, जे काही सुचत होतं ते सगळं सुचू दिलं आणि शंकरनगरला जाऊन तर्री पोह्यावर काढलं.

फोन परत आला, आवाज तोच, गोडवा थोडा कमी. एक लाख चाळीस मान्य, कम्पल्सरी डिडक्टिबल एक हजार वजा. ते बरोबर होतं, पंधराशे सीसीपर्यंत एक हजार कापतातच, त्यावर भांडण्यात अर्थ नव्हता. आता शेवटचा प्रश्न, मलबा, म्हणजे ती मेलेली गाडी, कोण ठेवणार. कंपनीच्या लिलावात बोली आली होती अठ्ठावीस हजाराची. मी ठेवला तर तेवढे कापून एक लाख अकरा हजार, कंपनीला दिला तर एक लाख एकोणचाळीस. यावर घरात एकदम भावनिक वातावरण झालं, मुलगी म्हणाली आपली गाडी कशाला द्यायची, सासरे म्हणाले इंजिन काढून शेतात पंपाला लावू, तेच इंजिन ज्यासाठी मी इतके दिवस भांडत होतो की ते गेलं. मी गाडी दिली. आरटीओत आरसी रद्द करायचे कागद भरले, दोन्ही किल्ल्या दिल्या आणि पैसे खात्यात आले.

पैसे आल्यावर सेकंडहँड वॅगन-आर शोधायला लागलो. आणि गंमत पाहा, जी गाडी क्लेम डिपार्टमेंटच्या मार्केटमध्ये नव्वदला होती ती खऱ्या मार्केटमध्ये दीड लाखाच्या खाली कोणी दाखवायलाही तयार नाही. मानेवाड्याला एक पाहिली, २०११ ची, पांढरी, चकाचक, आत लिंबाचा वास इतका जोरात की डोळ्यांत पाणी. विकणारा सांगून राहिला, सिंगल हँड, डॉक्टरची गाडी, फक्त क्लिनिक ते घर. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसलो आणि सीटबेल्ट ओढत गेलो, ओढत गेलो, पार शेवटपर्यंत. वरचा पट्टा काळा कुळकुळीत, खालचा हातभर तपकिरी, त्यावर वाळलेल्या चिखलाची रेघ.

"हे काय?" म्हटलं.

"काही नाही भाऊ," तो म्हणाला, "डॉक्टरसाहेब मातीतले आहेत, गावाकडं शेती आहे त्यायची."

"क्लिनिक कुठंशी आहे डॉक्टरांचं?"

"अंबाझरी लेआउटले," म्हणाला आणि मग त्याचं त्यालाच समजलं. "दोन हजार कमी करून देतो."