मुक्कामाचा घाम

मे महिन्यात गोव्यात घाम येत-जात नसतो, मुक्कामालाच असतो. हवेतच इतकं पाणी की अंगावरचं वाळणार कुठं! त्यात पणजी-म्हापसा बसमध्ये उभं राहायची वेळ आली की वरची दांडी धरावी लागते आणि आपली काख सार्वजनिक होते.

या काखेसाठी भाचीनं डिओडरंट आणून दिलं. ‘पूर्ण नैसर्गिक, ॲल्युमिनियममुक्त’. खोबरेल, खाण्याचा सोडा, आरारूट आणि लव्हेंडरचा वास. किमतीत आठवड्याचे बांगडे आले असते. नाव ‘स्टिक’, पण खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांना वितळतं आणि आमच्या न्हाणीघरानं मेमध्ये चोवीस अंश कधी पाहिलेत? झाकण उघडलं तर आत सोलकढी! बोटानं लावली, ब्लाउजला तेलाचे डाग पडले. शिवाय त्वचा किंचित आम्लधर्मी आणि सोडा अल्कधर्मी, त्यामुळे काख लालबुंद.

“डिटॉक्स होतंय, मावशी.”

डिटॉक्स करायला यकृत आहे, मूत्रपिंडं आहेत. काखेवर हे खातं कुणी सोपवलं? हे सरळसरळ पुरळ होतं.

तरी डबी खोटं बोलली असं म्हणवत नाही. घाम अडवतात ते ॲल्युमिनियमचे क्षार. घर्मग्रंथींच्या तोंडाला ते तात्पुरतं बूच मारतात. बूच काढलं की घाम वाहणारच, आणि तो थांबवायचं वचन डबीनं दिलंच कुठं होतं? वास तर घामाचा नसतोच मुळी. काखेतले जिवाणू त्यावर जेवतात आणि दरवळ आपल्या नावावर लागतो. डबी फक्त त्या पंगतीत विघ्न आणते. एसीत बसणाऱ्या भाचीला तेवढं पुरतं. मी मात्र म्हापशाला उतरेपर्यंत लव्हेंडरमध्ये चिंब. (ॲल्युमिनियमनं स्तनाचा कर्करोग होतो, हेही तिनं ऐकवलं होतं. त्याला ठोस पुरावा नाही.)

शेवटी सासूबाईंनी तुरटीचा खडा पुढे केला. “हे लाव गो.” ओला करून फिरवला. घाम होताच, वास बराच निवला.

“बघ, ॲल्युमिनियमशिवाय जमतं की नाही!” भाची खूश.

तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि ॲल्युमिनियमचं सल्फेट. हे मी सांगेपर्यंत तिनं फोनवर तोच खडा शोधलासुद्धा: गुळगुळीत घासलेला, ‘मिनरल क्रिस्टल’ नावाचा, खोक्यात बसवलेला. सासूबाईंनी चष्मा लावून किंमत वाचली, पुन्हा वाचली.

“तिला सांग, न्हाणीतला माझा अर्ध्या किमतीत देते. खोकं मात्र मिळायचं नाही.”