जुन्या फोटोत कचरा दिसला नाही, म्हणून जागा स्वच्छ ठरत नाही

गेले काही दिवस पेठापेठांतल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचा गोषवारा असा: कोल्हापुरात प्लॉट घेताय? गूगल अर्थवर वर्षं मागे नेऊन बघा. कचरा दिसला नाही तर खाली कचरा पुरलेला नाही, जागा निर्धोक. सातबारा कोरा असेल तर उरलासुरला प्रश्नही मिटला. शिवाय आता उपग्रहाला जमिनीखालचंही दिसतं, आणि दहा-पंधरा वर्षांत कचऱ्याची मातीच होते.

जुने नकाशे संगणकावर आजच्या नकाशाशी जुळवणं हे माझं रोजचं काम. या मेसेजच्या भरवशावर ओळखीतले दोघं इसार द्यायला निघाले होते, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"जुन्या फोटोत कचरा नाही." किती जुन्या? एक मीटरपर्यंतचं बारीक टिपणारा पहिला व्यावसायिक उपग्रह, इकोनॉस, १९९९ साली अवकाशात गेला. त्याआधीचा काळ मुख्यतः अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांचा. १९७२ च्या पहिल्या लँडसॅटच्या फोटोतला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे सुमारे ८० मीटर. आठ-दहा गुंठ्यांची दगडाची खण त्यात विरघळून जाते. आपली नगरपालिका १८५४ ची. म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षांचा कचरा कुठे गेला, हे गूगल अर्थचा वर्षं मागे नेणारा स्लायडर सांगूच शकत नाही.

आणि मुळात कचरा शोधायचाच नसतो, खड्डा शोधायचा असतो. कचरा टाकायला माणसं आयती खोलगट जागा बघतात: दगडाची खण, आटलेलं तळं, ओढ्याची घळ, वीटभट्टीसाठी माती उचललेलं शेत. यांतल्या बऱ्याच जागा सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या एक इंच-एक मैल नकाशांवर काढलेल्या असतात. काही खड्ड्यांच्या कडेला बारीक आकडा आणि त्यापुढे इंग्रजी आर हे अक्षर असतं; ती आजूबाजूच्या जमिनीपासूनची खोली. तीच जागा पुढच्या आवृत्तीत कोरी, सपाट दिसली, की विचारायचं: हा खड्डा कशानं भरला? मधल्या काळासाठी अमेरिकेच्या कोरोना या हेर-उपग्रहांचे १९६० ते १९७२ मधले फोटो आहेत. ते १९९५ साली खुले झाले. आपल्या भागावरची ढग नसलेली पट्टी मिळाली, तर खण अर्धी भरलेली, कडेला गाडीवाट पडलेली, असंही दिसू शकतं.

रंकाळ्याजवळच्या इराणी खणीत आजही पाणी आहे, म्हणून ती खण आहे हे पोरासोरांना ठाऊक. वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं, कपिलतीर्थाची मंडई झाली; तिथं तळी होती हे नावावरून तरी कळतं. (बुजवलेलं तळं म्हणजे कचऱ्याचाच भराव असं मी म्हणत नाही. मुरूम आणि डबर टाकूनही तळी बुजवतात.) नाव न राहिलेल्या खणींचं मला भय वाटतं.

"सातबारा कोरा आहे." सातबारा मालकी, पीक, बोजा सांगतो, पोटात काय आहे ते सांगत नाही. शहरात तर बहुतेक ठिकाणी प्रॉपर्टी कार्डच असतं. मात्र जुन्या उताऱ्यावर मोठा पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारा भाग, दिसला तर थांबा आणि भूमी अभिलेख कार्यालयातून फाळणी नकाशा, म्हणजे त्या गटाच्या तुकड्यांचा मोजणी नकाशा, काढा.

"उपग्रहाला जमिनीखालचं दिसतं." नाही. साधा कॅमेरा वरची कातडी बघतो. सेंटिनल-१ या युरोपीय उपग्रहाच्या रडारची लहर साडेपाच सेंटिमीटरची, ओल्या काळ्या मातीत ती खोल जातच नाही. दिसतात ती लक्षणं: भराव खचत असेल तर जमीन वर्षाला काही मिलिमीटर खाली जाते, आणि कचऱ्यातल्या वायूमुळे मुळांना हवा न मिळाल्यानं एखादा पट्टा मार्च-एप्रिलमध्ये आधीच करपतो. पावसाळ्यात सगळंच हिरवं, तेव्हाचा फोटो निरुपयोगी. शिवाय आपल्याकडे फसगत सोपी. काळा डाग दिसला म्हणून मी एकदा हातकणंगल्याच्या बाजूला गेलो, तर उसाचं पाचट जाळलेलं शेत निघालं. उष्णतेच्या चित्रांची अडचण वेगळी, ती फार ढोबळ. लँडसॅट-८ चा तो ठिपका १०० मीटरचा, म्हणजे जवळपास ९९ गुंठे.

"दहा-पंधरा वर्षांत माती होते." भाजीपाल्याची होते. प्लॅस्टिक, रबर, बॅटऱ्यांची होत नाही, आणि हवा न लागता कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन कित्येक वर्षं येत राहतो. हवेत त्याचं प्रमाण ५ ते १५ टक्के झालं की ठिणगी पुरते. इंग्लंडात लॉस्को गावी २४ मार्च १९८६ ला शेजारच्या बुजवलेल्या खणीतला वायू घराखाली साचला आणि बंगला उडाला. आपल्या २०१६ च्या घनकचरा नियमांतही म्हटलं होतं, की बंद केलेल्या भरावावर वस्तीचा विचार १५ वर्षं देखरेख झाल्यावरच, तोही वायू आणि झिरपणाऱ्या पाण्याची तपासणी करून. जिथं देखरेखच झाली नाही, तिथं १५ वर्षं मोजणार कुठून?

नकाशालाही मर्यादा आहेत. एक इंची नकाशावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ६३ मीटर. शिवाजी पूल, रेल्वे स्टेशन असे पक्के बिंदू धरून जुळवलं तरी अमुक घराखालीच आहे, असं बोट ठेवता येत नाही. शेवटी जागेवर भोक पाडावंच लागतं.

मागच्या उन्हाळ्यात शहराच्या कडेला अशीच एक खण शोधत होतो. माझ्या नकाशाप्रमाणे ती एका रिकाम्या प्लॉटमध्ये येत होती. मालकाच्या परवानगीनं हाताच्या गिरमिटानं सहा फूट गेलो, नुसता मुरूम. शेजारच्या आजी बघत होत्या. म्हणाल्या, "तिकडं न्हवं रं, म्हशी धुवायचो ती खण ह्यो कंपाउंड हाय न्हवं, त्येच्या पल्याड." कंपाउंडला तिरकी भेग होती. पलीकडे चार फुटांवर गिरमिट मऊ लागलं. वर आली ती काळी, ओली, आंबूस वासाची माती, आणि पात्याला गुंडाळलेली दुधाची पिशवी, छापील अक्षरं वाचता येतील इतकी शाबूत.