सगळं भुंगेऱ्याच्या माथी का?

कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगररांगेतली पाइनची झाडं का मेली, यावरच्या तुमच्या लेखातलं ‘भुंगेऱ्यांनी सिएरा नेवाडातलं जंगल फस्त केलं’ हे वाक्य खटकलं. तांदळाच्या दाण्याएवढा हा भुंगेरा तिथलाच आहे, बाहेरून आलेला नाही. धडधाकट पाँडेरोसा पाइनची साल त्याने पोखरली की झाड राळ सोडून त्याला बाहेर ढकलतं. पण राळेसाठी झाडात पाणी हवं, आणि २०१२ ते २०१६च्या दुष्काळात नेमकं तेच नव्हतं. लेखात जे आलंच नाही ते म्हणजे झाडांची दाटी. पूर्वी विजेने लागणारी किंवा तिथले मूळ रहिवासी मुद्दाम लावत ती हलकी आग खालची रोपटी साफ करायची. नंतर शंभरेक वर्षं सरकारने दिसेल तो वणवा विझवला. मग तेवढ्याच पाण्यावर कितीतरी जास्त झाडं, सगळीच अर्धपोटी! २०१० ते २०१७ या काळात कॅलिफोर्नियात सुमारे १२.९ कोटी झाडं मेली, ती काय नुसत्या किड्यामुळे?

आम्ही तिथून जवळच, फ्रेस्नो शहरात राहतो. त्या वर्षांत डोंगरातल्या बास लेक या तलावाकडे जाताना डोंगरच्या डोंगर विटकरी दिसायचे. ‘लाल झालेली झाडं तोडा म्हणजे कीड थांबेल’ हा लेखातला सल्लाही अर्धवटच. पाइनची सुईसारखी पानं लाल होईपर्यंत भुंगेरे बहुतेक वेळा पुढच्या झाडावर गेलेले असतात. रस्त्यालगतची, घरांजवळची वाळकी झाडं जरूर काढा, अंगावर पडतात म्हणून. कीड रोखायची तर जिवंत जंगलच विरळ करायला हवं, आणि त्याला पैसा द्यायला कुणी चटकन तयार होत नाही.