बिडी मेसनला यादीतून काढलं म्हणून

आज डोकं फिरलंय, पोस्ट लांब होणार, आधीच सांगते.

तुम्हाला माहितीये, लेकीला तीन वर्षं झाली आम्ही घरीच शिकवतोय, इथे ओरेगनमध्ये. दर गुरुवारी होमस्कूलवाल्या दहा-बारा कुटुंबांचा को-ऑप असतो, एकेका आईकडे एकेक विषय. या सत्रात पायोनिअर काळ आहे, म्हणजे वॅगनी घेऊन अमेरिकेच्या पश्चिमेकडे वस्ती करायला निघालेल्या लोकांचा, आणि तो चरित्रांतून शिकवायचा असं ठरलंय, टेक्स्टबुक नाही, एकेक माणूस घ्यायचा, नकाशावर त्याची वाट काढायची आणि मुलांनी ती गोष्ट वहीत आपल्या शब्दांत लिहायची. रानातून वाटा काढणारा डॅनियल बून, मिशनरी व्हिटमन नवरा-बायको (मार्कस आणि नार्सिसा), बायकांच्या मताच्या हक्कासाठी लढलेली अ‍ॅबिगेल स्कॉट डनिवे, काळा शेतकरी जॉर्ज वॉशिंग्टन बुश आणि बिडी मेसन. आज सकाळी ग्रुपवर मेसेज, बिडी मेसन काढूया, मुलांना जड जाईल, आपण पायोनिअर्सचं धैर्य दाखवूया, गुलामगिरी पुढच्या वर्षी बघू. खाली पाच जणींचे अंगठे.

धैर्य दाखवायचंय ना? मग ही बाई बघा. १८४८ मध्ये मालकाने मिसिसिपीहून युटाकडे मुक्काम हलवला तेव्हा बिडी त्याची गुलाम. वॅगन पुढे आणि ही मागून गुरं हाकत पायी, १७०० मैलांच्या आसपास. बरोबर तीन मुली, मोठी दहाएक वर्षांची, धाकटी अंगावर पिणारी. पुढे १८५१ मध्ये कॅलिफोर्नियाला नेलं. तिथे कायद्याने गुलामगिरी नव्हती, पण हिला ते सांगणार कोण? मालक सगळ्यांना टेक्सासला, जिथे गुलामगिरी चालू होती, न्यायला निघाला तेव्हा प्रकरण लॉस एंजेलिसच्या कोर्टात गेलं. काळ्या माणसाला गोऱ्याविरुद्ध साक्ष देता येत नव्हती म्हणून जज बेंजामिन हेजने तिला आपल्या खोलीत बोलावून विचारलं, आणि जानेवारी १८५६ मध्ये ती, तिच्या मुली आणि बरोबरचे मिळून चौदा जण सुटले. नंतर सुईणपण करून पैसे साठवले आणि १८६६ मध्ये स्प्रिंग स्ट्रीटवर स्वतःच्या नावाने जमीन घेतली. लिहिता-वाचता येत नव्हतं तिला.

आणि हे मुलांना जड जातं? माझ्या मुलीला कसं गेलं ते सांगते.

मागच्या महिन्यात वाचून झाल्यावर ती म्हणाली, आई, आपण चालून बघूया ना. मग इंडियन ग्रोसरीतली दहा पाउंडांची तांदळाची पिशवी होती, ती ओढणीने तिच्या पोटाशी बांधली, हे बाळ म्हणलं, आणि फॅनो क्रीकच्या ट्रेलवर निघालो. पहिला मैल गाणी म्हणत. दुसऱ्या मैलाला खांदे दुखायला लागले, पिशवी सारखी या बाजूची त्या बाजूला. मग बाकावर बसली, पिशवी सोडून शेजारी ठेवली आणि बराच वेळ गप्प. मग म्हणाली, आई, तिला खाली नव्हतं ना ठेवता येत.

मी तिला काहीही शिकवलं नव्हतं हो. वर्कशीट नाही, क्विझ नाही.

बरं, जड वाटतं म्हणून बिडीला काढायचं तर व्हिटमनांची गोष्ट हलकी आहे का? ती यादीत आहे! १८३६ मध्ये नार्सिसा लग्न होऊन लगेच एवढा प्रवास करून आजच्या वॉला वॉलाजवळ आली, मिशन काढलं, शाळा काढली. सगळी पुस्तकं इथवर छान रमतात. मग १८४७ ला गोवर आला, गोऱ्यांची बरीच मुलं वाचली आणि तिथल्या मूळच्या केयूज लोकांची मुलं पटापट गेली. मार्कस व्हिटमन डॉक्टर, त्यामुळे त्यांना वाटलं हाच विष देतोय. नोव्हेंबरात त्यांनी नवरा-बायकोला आणि आणखी कितीतरी जणांना मारलं, आणि १८५० मध्ये पाच केयूज पुरुषांना ओरेगन सिटीत फाशी झाली. आमच्या घरापासून अर्ध्या तासावर! आमच्याकडे आलेल्या वर्कशीटमध्ये गोवराचा ग पण नाही, एकच प्रश्न, इंडियन्सनी असं क्रूरपणे का वागावं? नऊ-दहा वर्षांच्या पोरांना. म्हणजे केयूज आयांनी पुरलेली लेकरं कुणाची नव्हतीच.

मात्र एक कबूल करते. हे वाचताना नार्सिसावर मला रागावता आलं नाही. तिची दोन वर्षांची एकुलती एक अ‍ॅलिस १८३९ मध्ये नदीत बुडाली, पाणी आणायला म्हणून पेले घेऊन गेलेली. मी ते पान लेकीला वाचून दाखवताना थांबले, मला पुढे वाचताच येईना, तिनेच पुस्तक घेतलं आणि उरलेलं वाचलं. म्हणून म्हणते, माणूस अख्खा द्या ना मुलांना. नार्सिसा अख्खी द्या आणि बिडीही अख्खी द्या.

हो, सहा वर्षांच्या पोराला फाशी सांगू नका, तेवढं मान्य. पण आमची मुलं सहाची नाहीत.

आणि मराठी मैत्रिणींनो, तुम्हीपण नको तिथे मान डोलवू नका. दुपारी एकीचा फोन, अगं जाऊदे ना, कशाला वाईट होतेस. आपल्याला लहानपणी सावित्रीबाईंची गोष्ट सांगितली तेव्हा त्यातलं शेण कुणी काढून टाकलं होतं का? दगड, शेण, आणि शाळेत जाऊन बदलायची दुसरी साडी. मला दुसरीत असल्यापासून ती साडी आठवते. ती साडी काढली तर उरतं काय त्या गोष्टीत?

जॉर्ज बुशचंही तेच. पैसेवाला, हुशार शेतकरी, १८४४ मध्ये स्वतःच्या खर्चाने दुसऱ्या कुटुंबांनाही घेऊन या ओरेगनला आला, आणि इथे काळ्या माणसाला राहायलाच बंदी. म्हणून कोलंबिया नदीच्या उत्तरेला गेला. तिथे १८५२ च्या टंचाईत व्यापाऱ्यांना धान्य विकलं नाही, शेजाऱ्यांना दिलं. त्याच शेजाऱ्यांनी धडपड केली तेव्हा १८५५ मध्ये काँग्रेसने खास कायदा करून त्याची जमीन त्याच्या नावे केली. बंदी गाळून ही गोष्ट सांगता येईल? तो नदी ओलांडून का गेला, मुलं विचारणारच.

सकाळी लिहायला घेतलं तेव्हा को-ऑप सोडायचाच विचार होता. आता नाही. त्या आया वाईट नाहीत, घाबरतात, आपली पोरं रडली तर काय करायचं म्हणून. माझी रडली नाही, बाकावर गप्प बसली, त्याचीही भीती वाटतेच.

या गुरुवारी वाचून दाखवायचा नंबर माझा आहे. मी बिडी मेसनच वाचणार, तसं ग्रुपवर कळवलंय, अजून कुणाचं उत्तर नाही. लेक आत्ता विचारून गेली, तांदळाची पिशवी न्यायची का? म्हणलं ने, आणि ओढणी पण घे, बाकीच्यांनाही बांधून बघू दे.