वाघ दिसला नाही, म्हणून पिंजरा फसला?

प्राणीसंग्रहालयांतल्या नव्या पिंजऱ्यांविषयीचा एक मेसेज बऱ्याच ग्रुपांवर फिरतो आहे. दोन फोटो शेजारी शेजारी लावलेत. डावीकडे जुना पिंजरा आणि गजांपाशी उभा वाघ. उजवीकडे नवं आवार, त्यात गवत, एक ओंडका, पाण्याचं डबकं आणि वाघाचा पत्ता नाही. खाली लिहिलंय, 'कोट्यवधी खर्चून आता गवत दाखवतात!' पुढे मुद्दे: प्राणी दिसत नाहीत, जागा तेवढी वाढवली, बाकी गुहा-धबधबे म्हणजे देखावा, काचेमागे जनावर गुदमरतं, खाणं लपवून, टांगून, बर्फात गोठवून त्याचे हाल करतात, नवे प्राणी आणून महिनाभर दडवून ठेवतात, आणि नव्या घरातही वाघ येरझाऱ्या घालतोच, मग त्याला सरळ जंगलात का नाही सोडत?

लिहिणाऱ्याला प्राण्यांची कळकळ आहे, यात शंका नाही. पण बहुतेक मुद्दे त्याने तिकीट काढून आलेल्या माणसाच्या नजरेने लिहिलेत. एका ठिकाणी तो अर्धा बरोबर आहे आणि एका ठिकाणी त्याच्या हाताशी भक्कम मुद्दा असून त्याने तो वापरलाच नाही. तेही सांगतो.

"प्राणी दिसतच नाहीत."

जुन्या पिंजऱ्यातला वाघ दिसायचा, कारण त्याला दुसरा इलाजच नव्हता. खाली फरशी, तीन बाजूंना भिंत, समोर गज. लपायचं म्हटलं तरी लपणार कुठे? वाघ-बिबटे आडोशाला दडून, दबा धरून जगणारे प्राणी. दिवसभर शेकडो डोळ्यांसमोर उघड्यावर बसणं त्यांच्या स्वभावातच नाही. त्यात मांजरकुळातली बहुतेक मंडळी दिवसाचा मोठा भाग लोळून काढतात. सिंह तर २४ तासांतले १६ ते २० तास पडून असतो. रविवारी भर दुपारी जाऊन 'काहीच हालचाल नाही' अशी तक्रार करायची असेल, तर ती पिंजरा बांधणाऱ्याकडे नको, सिंहाकडेच करावी लागेल.

आडोशाचा फायदा मोजलेला आहे. क्लाउडेड लेपर्ड हा झाडांवर वावरणारा, कमालीचा बुजरा प्राणी. प्राणीसंग्रहालयांतल्या क्लाउडेड लेपर्डच्या विष्ठेतली ताणाची संप्रेरकं तपासणारा एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांसमोर ठेवलेल्या आणि दुसऱ्या शिकारी प्राण्यांच्या शेजारी ठेवलेल्या जनावरांत ती जास्त निघाली. चढायला उंच जागा असलेल्यांत कमी. छताजवळची ती फळी पाहुण्याला गैरसोयीची वाटते, मान वर करकरून दुखते, फोटो धड येत नाही. खर्चाचं खरं चीज त्या फळीत झालेलं असतं.

चित्त्याची गोष्ट याहून बोलकी आहे. माणसाने शिकारीसाठी चित्ते शतकानुशतकं पाळले, मुघल दरबारात तर ते मोठ्या संख्येने होते. तरी जहांगीराच्या काळातली एक नोंद सोडली, तर बंदिवासात चित्त्याला पिल्लं झाल्याचं १९५६ पर्यंत, म्हणजे फिलाडेल्फियाच्या प्राणीसंग्रहालयात ती होईपर्यंत, कुठे आढळत नाही. मादी एकटी राहणारी, हे ध्यानात घेऊन तिला नरांपासून आणि गर्दीपासून लांब, पाहुण्यांना बंद असलेल्या जागेत ठेवायला लागल्यावर गाडी पुढे सरकली. हाँगकाँगच्या ओशन पार्कमधली यिंग यिंग आणि ले ले ही पांडांची जोडी दहा वर्षांच्या प्रयत्नांनंतर एप्रिल २०२० मध्ये जुळली, तेव्हा करोनामुळे पार्क बंद होतं. (एका जोडीवरून सिद्धांत मांडू नये, आणि पिल्लं व्हायला पुढे २०२४ उजाडावं लागलं. पण दहा वर्षं गर्दीत जे झालं नाही ते गर्दी नसताना झालं, एवढं खरं.)

पाहुण्याने मग काहीच पाहायचं नाही का? तसंही नाही. चांगल्या आवारात पाहण्याच्या जागा एकाऐवजी तीन-चार ठेवतात, आणि काचेलगतच्या खडकाखाली तापणाऱ्या तारा घालतात. थंडीच्या दिवसांत सिंह आपण होऊन त्या उबदार खडकावर येऊन पसरतो. कंटाळला की उठून जातो. जाता येणं महत्त्वाचं.

"जागा वाढवली एवढंच, बाकी गुहा-धबधबे म्हणजे देखावा."

इथे मेसेज अर्धा बरोबर आहे. देखाव्याची परंपरा जुनीच. कार्ल हागेनबेक या जर्मन प्राणी-व्यापाऱ्याने १८९६ मध्ये गजांऐवजी खंदक वापरून उभारायच्या देखाव्याचं पेटंट घेतलं आणि १९०७ मध्ये हॅम्बुर्गजवळ श्टेलिंगेनला त्याच पद्धतीचं अख्खं उद्यान उघडलं. सिंह आणि त्याचं भक्ष्य एकाच माळरानावर आहेत असं पाहणाऱ्याला वाटावं, मधला खंदक दिसू नये, अशी ती मांडणी. लंडनचा पेंग्विन पूल तर याचा कळस. बर्थोल्ड लुबेटकिन या वास्तुरचनाकाराने १९३४ मध्ये बांधलेल्या, वळणावळणाने उतरणाऱ्या दोन पांढऱ्या काँक्रीटच्या पट्ट्या. वारसा वास्तूंच्या यादीत तिला सगळ्यांत वरची श्रेणी आहे. पेंग्विनांचे पाय मात्र त्या काँक्रीटवर चालून दुखावले, त्यांत संसर्ग होऊ लागला. २००४ मध्ये पक्षी तिथून हलवले, ते परत गेलेच नाहीत.

आजही हे होतं. हिरव्यागार नव्या आवारातल्या झाडाच्या बुंध्याकडे नीट बघा. त्याच्याभोवती बारीक तारांचे वेढे दिसले, तर त्यांत विजेचा सौम्य झटका सोडलेला असतो. झाडाची साल वाचावी म्हणून जनावराला लांब ठेवलेलं असतं. असं झाड फक्त पाहुण्यांसाठी.

पण म्हणून 'बाकी देखावा' असं सरसकट म्हणता येत नाही. स्वित्झर्लंडमधल्या बर्न, बाझेल आणि झ्युरिक इथली प्राणीसंग्रहालयं सांभाळलेले हाइनी हेडिगर १९४० च्या दशकापासून हेच सांगत होते की जागा किती यापेक्षा कशी आहे हे पाहा. अर्धा एकर सपाट काँक्रीट हत्तीला दिलं, तर त्याचे तळवे आणि सांधे बिघडतात. वाळूचा जाड थर आणि अंग घासायला एखादा खडबडीत दगड दिला, तर तीच जागा निराळी होते. अस्वलाला उकरायला माती लागते, ओरांगउटानला उंची. दबून असलेल्या जनावराला दांडगटाच्या तावडीतून निसटायला दुसरी वाट लागते, म्हणून चांगल्या आवारात कोंडी होईल असा कोपरा ठेवत नाहीत.

आणि खर्चाचा मोठा भाग फोटोत येतच नाही. मागे रात्रीच्या खोल्या असतात, एकीतून दुसरीत जायला सरकती दारं, त्यांचे लिव्हर बाहेरून ओढायचे. रक्षक आणि वाघ एका वेळी एका खोलीत कधीच येत नाहीत. औषधोपचारासाठी एक बाजू आत सरकणारा पिंजरा असतो. हल्ली तर वाघाला जाळीला अंग लावून उभं राहायला शिकवतात, शेपटी खालच्या फटीतून बाहेर घेतात आणि शिरेतून रक्त काढतात. पुढे मांसाचा तुकडा, मागे सुई. पूर्वी याच कामासाठी भुलीचा बाण मारावा लागे, आणि प्रत्येक भूल म्हणजे जिवाशी खेळ. ज्या मेसेजमध्ये 'कोट्यवधी कुठे गेले' असं विचारलंय, त्याचं बरंचसं उत्तर या मागच्या खोल्यांत आहे.

"काचेमागे जनावर गुदमरतं."

काच असते ती पाहण्याच्या जागेपुरती. वाघ-सिंहांच्या बहुतेक नव्या आवारांना वर आभाळ असतं नाहीतर जाळी. काचेमुळे गोंगाट कमी पोचतो, शेंगदाणे आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या आत पडत नाहीत, आणि माणसाची सर्दी गोरिला-चिंपांझींपर्यंत सहज जात नाही. माणसाचे श्वसनाचे आजार त्यांना होतात आणि जिवावरही बेततात. काच ठोकणारे हात मात्र काचेने थांबत नाहीत, हा वेगळा मुद्दा.

"खाणं लपवून, टांगून, बर्फात गोठवून देतात, हे हालच."

समोर वाटीत आयतं अन्न असताना, खटका दाबून मिळणारं अन्न उंदीर पसंत करतात, असं १९६३ मधल्या एका प्रयोगात दिसलं. पुढे कबुतरं, माकडं, अस्वलं अशा कितीतरी प्राण्यांत तेच आढळलं. (घरातलं मांजर अपवाद. ते ताटलीतलंच खातं, हे २०२१ मध्ये रीतसर तपासूनही झालंय.) रानात अस्वलाचा जागेपणीचा बहुतेक वेळ अन्न हुडकण्यात जातो. पिंजऱ्यात तेच अन्न घमेल्यात ओतलं की दहा मिनिटांत फडशा, आणि उरलेला दिवस करायचं काय? म्हणून मध लाकडाच्या भोकांत भरतात, मासे बर्फाच्या लादीत गोठवतात, मांस खांबावर टांगतात. रोजचं मोजून दिलेलं अन्न तेवढंच राहतं, ते मिळवायला लागणारा वेळ फक्त वाढतो. उपासमार म्हणायची, तर आधी वजनाचा तक्ता बघावा. तो ठेवलेला असतो.

"नवे प्राणी महिनाभर दडवतात."

याला क्वारंटाइन म्हणतात, आणि साधारण ३० दिवस ही त्याची रूढ मुदत आहे. नव्या पाहुण्याच्या पोटातले जंत आणि अंगातला क्षय आधीच्या कळपात जाऊ नये म्हणून. पुढे.

"नव्या घरातही येरझाऱ्या थांबत नाहीत, म्हणजे घर बिनकामाचं."

हा मुद्दा वरवर बिनतोड वाटतो. त्याच त्या वाटेवरून, त्याच त्या जागी वळत फिरणं हे बऱ्याचदा बिघडल्याचंच लक्षण असतं, यात वाद नाही. पण ते बिघडणं आत्ताचं आहे की पूर्वीचं, हे नुसतं बघून कळत नाही. लहानपणी अरुंद पिंजऱ्यात लागलेली सवय घर बदलल्यावरही राहू शकते. या विषयावर काम करणारे तिला जुन्या जखमेचा व्रण मानतात. शिवाय रोज चार वाजता मांस मिळत असेल, तर साडेतीनपासून दाराशी घुटमळणारा वाघ नुसती वाट बघत असतो. त्यावर उपाय म्हणजे वेळ रोज बदलायची.

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधलं गस हे ध्रुवीय अस्वल १९९४ मध्ये याच कारणाने जगभर गाजलं. तासन् तास ते पाण्यात इंग्रजी आठच्या आकड्यासारखं पोहायचं. काचेला पंजा टेकवून उलटं वळायचं, परत तेच. प्राणीसंग्रहालयाने वर्तनतज्ज्ञ बोलावला, वर्तमानपत्रांनी यथेच्छ टिंगल केली. गसला खेळायला वस्तू दिल्या, बर्फातले मासे दिले, अन्न शोधायला लावलं. पोहणं कमी झालं, पूर्ण थांबलं नाही. २०१३ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी ते गेलं. मेसेजच्या तर्काने पाहिलं तर हे अपयश. मला ते तसं वाटत नाही. पण यश म्हणायलाही जीभ रेटत नाही.

कारण मेसेजवाल्याच्या हातून निसटलेला मुद्दा हाच आहे. २००३ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत मांसभक्षक प्राण्यांवरचा एक अभ्यास आला. रानात ज्यांचा वावर फार मोठ्या मुलखात असतो, त्याच जाती पिंजऱ्यात जास्त येरझाऱ्या घालतात आणि त्यांचीच पिल्लं जास्त दगावतात, असं त्यात दिसलं. ध्रुवीय अस्वलाचं सर्वसाधारण आवार त्याच्या रानातल्या किमान क्षेत्राच्या सुमारे दहा लाखाव्या हिश्शाएवढं भरलं. इथे धबधबा बांधून भागत नाही. काही जाती ठेवणंच थांबवावं लागतं, आणि काही ठिकाणी ते झालंही आहे: डेट्रॉइट प्राणीसंग्रहालयाने २००५ मध्ये विंकी आणि वांडा या आपल्या दोन हत्तिणी कॅलिफोर्नियातल्या अभयाश्रमात पाठवून दिल्या. म्हणजे प्रश्न 'नवे पिंजरे का बांधता' हा नव्हे, 'कुणासाठी बांधता' हा विचारायला हवा होता.

"मग जंगलातच सोडा ना."

ब्राझीलच्या किनारपट्टीच्या जंगलात सोनेरी टॅमरिन नावाची मूठभर आकाराची माकडं राहतात. ती नामशेष व्हायला आली, तेव्हा प्राणीसंग्रहालयांत जन्मलेली टॅमरिन १९८४ पासून तिथे सोडायला सुरुवात झाली. पिंजऱ्यातल्या पक्क्या दांड्यांवर वाढलेल्या या माकडांना वाऱ्याने हलणाऱ्या बारीक फांद्यांवर चालता येईना. ढोलीत किडा असतो हे माहीत नव्हतं. सुरुवातीला सोडलेल्यांतली बरीच मेली. तरली त्यांची तिथेच जन्मलेली पिल्लं पुढे झकास निभावली. नंतर मग सोडण्याआधी त्यांना मोकळ्या झाडीत फिरवून तयार करू लागले. हे मूठभर माकडाचं. माणसाच्या हातून वर्षानुवर्षं मांस खाल्लेला वाघ सोडला, तर तो भुकेला झाल्यावर आधी माणसाच्या वस्तीकडेच येणार.

आणि जनावर तयार असलं तरी जंगल तयार लागतं. अरबी ओरिक्स हे लांब सरळ शिंगांचं पांढरं हरण १९७२ पर्यंत रानातून संपलं. बंदिवासातल्या कळपातून वाढवून १९८२ मध्ये ते ओमानच्या वाळवंटात परत सोडलं, आणि १९९६ पर्यंत तिथला आकडा ४५० वर गेला. मग चोरटे आले. जिवंत ओरिक्सला खासगी संग्राहकांकडून चांगले पैसे मिळत होते. काही वर्षांत ४५० चे ६५ झाले, तेलासाठी अभयारण्याचा ९० टक्के भाग कापला गेला, आणि २००७ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा यादीतून काढलं. त्या यादीतून नाव गेलेलं हे पहिलं ठिकाण. शिकार जोरात असतानाच उरलेल्यांतले काही ओरिक्स वाचवण्यासाठी पुन्हा पकडून कुंपणात आणावे लागले होते.