तलावातला गाळ येतो कुठून?

"तलावावर कपडे धुणं आणि निर्माल्य टाकणं बंद करा, काठाला कुंपण घाला, दर उन्हाळ्यात गाळ उपसा. वरच्या बागायतीचा यात काही संबंध नाही. बागायत म्हणजे झाडंच. आणि कोकणातला पाऊस घाण समुद्रात नेतोच." असं सांगणारा मजकूर गावागावांच्या ग्रुपवर फिरतो आहे. लोक तो खरा मानतात, म्हणून हे उत्तर.

साबण आणि निर्माल्य तलावात नकोच, यावर वाद नाही. पण हिशोब मांडा. कोकणात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे एका हेक्टरवर 3 कोटी लिटर पाणी. डोंगराची माती उघडी असेल तर त्यातलं वाहून येणारं पाणी ती सोबत घेऊनच येणार.

"बागायत म्हणजे झाडंच" हे मला सर्वांत घातक वाटतं. जंगलात पावसाचा मारा पानं, झुडपं आणि पातेरा, म्हणजे खाली पडलेला पालापाचोळा, झेलतात; पाणी मुरतं. जेसीबीने डोंगर बोडका करून काजू, रबर किंवा कलमं लावली की पहिली काही वर्षं जमीन उघडीच पडते. पुढे झाडं वाढली तरी बेणणी करून, म्हणजे गवत-झुडपं कापून, आणि तणनाशक मारून खालची जमीन साफ ठेवतात. त्यात खत घालायचं ते पावसाळ्याच्या तोंडावर. खतातलं नत्र (नायट्रोजन) पाण्यात विरघळून जातं, स्फुरद (फॉस्फरस) मातीच्या कणांना चिकटून व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून, खाली येतं. चिरेखाणींची, म्हणजे जांभा दगडाच्या खाणींची, लाल भुकटीही याच वाटेने येते.

पाऊस हे सगळं समुद्रात का नेत नाही? कारण तलावात पाण्याचा वेग मरतो आणि बरीचशी माती तळाशी बसते. आपल्या जांभ्या मातीत लोह भरपूर. ते स्फुरदाला धरून ठेवतं. पण उन्हाळ्यात तळाचा प्राणवायू संपला की ही पकड सुटते, स्फुरद पाण्यात उतरतं आणि शेवाळ माजतं. पावसाळ्यात आलेली माती अशी एप्रिल-मेमध्ये पाणी हिरवं करते.

राहिला गाळ. उपसावा लागतो तिथे उपसा, पण वरचा उतार तसाच ठेवला तर तलाव पुन्हा भरणारच. मालवण तालुक्यातला धामापूरचा तलाव 1530 सालचा. तो आजवर टिकला यात भोवतालच्या डोंगरांवरच्या झाडीचा मोठा वाटा आहे, असं माझं ठाम मत आहे.

कुंपणाचा पैसा आधी व्हाळाच्या दोन्ही काठांची झाडी राखायला आणि उतारावर आडवे चर मारायला लावा. बेणलेलं गवत जाळू नका, झाडाखालीच पसरा. आणि जूनच्या पहिल्या मोठ्या सरीला कोणता व्हाळ लाल होऊन येतो ते पाहून त्याच्या कडेने वर चढा; काम कुठे करायचं ते तिथे दिसेल.