ते "स्कॉलरशिपचे अब्जावधी डॉलर पडून आहेत" खरं नाहीये

तो मेसेज परत फिरतोय, की दरवर्षी ६.६ अब्ज डॉलरच्या स्कॉलरशिप कोणी अर्जच करत नाही म्हणून तशाच पडून राहतात, आणि थोडी फी भरली की आम्ही त्या शोधून देतो. आकडा ऐकून कोणालाही वाटणारच की अरे आपणच मागे राहिलो.

पण हा आकडा आलाय अमेरिकेतल्या १९७६-७७ सालच्या एका अंदाजातून, आणि तो स्कॉलरशिपचा नव्हताच मुळी! कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांना शिक्षणासाठी जी मदत देऊ शकतात ती धरली साधारण ७ अब्ज, वापरली गेली त्यातली ३० ते ४० कोटी, उरलेले म्हणे "पडून". म्हणजे त्या कंपनीत नोकरीच नसेल तर तुम्हाला त्यातलं काय मिळणार होतं?

काही स्कॉलरशिप खरंच रिकाम्या राहतात, पण त्या बहुतेक अटी फार बारीक असल्यामुळे, ठरावीक कॉलेज, ठरावीक विषय असं काहीतरी. बाकीच्यांना अर्ज भरपूर येतात. युनिव्हर्सिटीच्या फायनान्शियल एड ऑफिसात विचारायला पैसे लागत नाहीत, आणि आईबाबा नोकरी करत असतील तर त्यांच्या एचआरलाही विचारा, ते कोणालाच सुचत नाही. "गॅरंटी" म्हणून आधी फी मागितली की तिथूनच मागे फिरा.